टॅपेट कव्हरखालचा गाळ

मागच्या मे महिन्यात आमच्या ट्रॅक्टरच्या इंजिनावरचे झाकण, म्हणजे टॅपेट कव्हर, मिस्तरींनी उघडले, तेव्हा आतल्या रॉकरवर (व्हॉल्व्ह उघडणाऱ्या दांड्यांवर) काकवीसारखा काळा, चिकट थर बसलेला दिसला आणि मला खरोखर वाईट वाटले, कारण त्या इंजिनात मी दोन वर्षे महागडे सिंथेटिक (रासायनिक प्रक्रियेने बनवलेले) ऑइलच भरत आलो होतो. त्याच आठवड्यात माझ्या मोटारसायकलचे हेडही खोलावे लागले. तिच्यात नेहमीचे साधे मिनरल ऑइल (खनिज तेल शुद्ध करून केलेले) होते, पण ते वेळेवर बदललेले होते. आत फक्त फिकट तपकिरी झाक होती.

चूक ऑइलची नव्हती. सिंथेटिक आहे म्हणून चालेल, या समजुतीने मी इंजिन २५० तास चालल्यावर बदलायचे ऑइल जवळपास ५०० तासांपर्यंत ओढले होते.

इंजिन स्वच्छ राखण्याचे काम मुख्यतः ऑइलमध्ये मिसळलेली रसायने करतात. डिटर्जंट धातूवर थर बसू देत नाही आणि ज्वलनातून येणारे आम्ल मारतो, तर डिस्पर्संट काजळीचे कण एकमेकांना चिकटू न देता तरंगते ठेवतो. डिझेल इंजिनातले ऑइल थोड्याच दिवसांत काळे पडते, ते याच कारणाने. तो काळेपणा म्हणजे ऑइल खराब झाल्याची खूण नव्हे. मात्र ही रसायने खर्ची पडली, की मूळ तेल कितीही उत्तम असले तरी काजळी खाली बसू लागते.

सिंथेटिकचा खरा गुण उष्णतेत दिसतो. त्याचे रेणू अधिक एकसारखे असल्यामुळे ते हवेतील ऑक्सिजनशी सावकाश संयोग पावते, त्याची वाफ कमी होते आणि त्यामुळे उशिरा घट्ट होते. आमच्या यवतमाळकडे पारा ४५ अंशांवर असताना दिवसभर नांगरणी करणाऱ्या किंवा भुशाने रेडिएटरची जाळी बुजलेली असताना मळणीयंत्र ओढणाऱ्या इंजिनाला त्याचा निश्चित उपयोग होतो. पण एअर फिल्टरच्या फटीतून शिरलेल्या आमच्या धुऱ्यावरच्या धुळीला कोणतेही ऑइल निष्प्रभ करू शकत नाही. ती ऑइलबरोबर बाहेरच काढावी लागते.

मोटारसायकलपुरते एक सांगतो: तिचा क्लच त्याच ऑइलमध्ये भिजत असल्याने डब्यावर ‘जासो एमए’ किंवा ‘एमए२’ (ऑइलमध्ये भिजणाऱ्या क्लचला चालणाऱ्या ऑइलची जपानी प्रमाणखूण) असल्याशिवाय, कारसाठीचे सिंथेटिक स्वस्तात मिळाले म्हणून, त्यात ओतू नये.

गाळ धुण्यासाठी इंजिनात डिझेल टाकून ते चालवण्याची पद्धत आमच्या भागात आहे. मी तिला नकार दिला, कारण कोपऱ्यात उरलेले डिझेल नवे ऑइल पातळ करते आणि बेअरिंगला ते सोसत नाही. त्याऐवजी मिस्तरींनी कव्हर आणि चेंबर (इंजिनाखालची ऑइलची टाकी) उतरवून हाताने गाळ खरवडला, पंपाची जाळी साफ केली आणि चांगल्या दर्जाचे मिनरल १५डब्ल्यू-४० (ही ऑइलच्या घट्टपणाची श्रेणी) भरून ते फिल्टरसह १०० तासांतच बदलायला लावले. पहिल्या वेळी निघालेल्या ऑइलमध्ये बोटांना कण लागत होते, दुसऱ्या वेळी ते लागले नाहीत. आता तासांचा आकडा मी टूलबॉक्सच्या झाकणावर आतून रंगाने लिहितो, आणि येत्या हंगामात सिंथेटिक भरले तरी ते २५० तासांनाच काढणार आहे.