पाऊसमापक, नोंद ४: जेसन हाताने जोडणं बंद

पाऊसमापकाला जोडलेला रास्पबेरी पाय (छोटा संगणक) दर १० मिनिटांनी कर्लने (नेटवर डेटा पाठवणारी कमांड) सर्व्हरला ठिकाण, पाऊस आणि शेरा पाठवतो, जेसन या मजकूर-स्वरूपात. आतापर्यंत बॅश (लिनक्सचा शेल) स्क्रिप्टमध्ये जेसनचा साचा लिहून व्हेरिएबल्स तशीच आत घातली जात होती. शेऱ्यात अवतरणचिन्ह आलं की काम फसतं:

{"ठिकाण":"गच्ची","शेरा":"नळी "तुंबली" आहे"}

"नळी"पाशीच स्ट्रिंग संपते, पार्सर (जेसन वाचणारा प्रोग्राम) अडतो, सर्व्हर ४०० (चुकीची विनंती) हा एरर कोड देतो. हे किमान लगेच दिसतं. घातक प्रकार वेगळाच आहे. शेरा जर

छान","ठिकाण":"विहीर

असा आला, तर जेसन वैधच राहतं, फक्त ठिकाण दोनदा येतं. बहुतेक पार्सर शेवटचं धरतात. गच्चीचा पाऊस विहिरीच्या नावावर जमा होतो, एरर कुठेच नाही.

सेडने (मजकुरात बदल करणारी कमांड) अवतरणाआधी बॅकस्लॅश घालणं अपुरं आहे. शेऱ्यातला मूळ बॅकस्लॅश, टॅब आणि नवी ओळ राहूनच जातात, आणि ३२ च्या खालचा कुठलाही कंट्रोल कोड जेसनच्या स्ट्रिंगमध्ये कच्चा चालत नाही. म्हणून एस्केपिंग, म्हणजे अशी चिन्हं सुरक्षित रूपात लिहिणं, पूर्णपणे जेक्यूकडे (जेसन हाताळणारी कमांड) दिलं. त्याचा ‘एन’ पर्याय (इनपुट न वाचता चालण्याचा) लावायचा, ठिकाण आणि शेरा ‘आर्ग’ने द्यायचे, आकडा ‘आर्गजेसन’ने. ‘आर्ग’ने दिलेलं मूल्य कायम स्ट्रिंग होतं, आकडा त्याने दिला तर सर्व्हरला संख्येऐवजी मजकूर मिळतो. जेक्यूचा प्रोग्राम एकेरी अवतरणांत, शेलची व्हेरिएबल्स मात्र दुहेरीत.

आकड्याचीही खोट होती. पाऊसमापकातली छोटी बादली भरून एकदा कलंडली की ०.२७९४ मिमी पाऊस. तीनदा कलंडल्यावर बीसी (गणित करणारी कमांड) .८३८२ छापतो, पुढचं शून्य खातो, आणि जेसनला ते शून्य लागतंच. आता कलंडण्याची पूर्णांक संख्याच जाते, गुणाकार सर्व्हरवर. वाचन रिकामं असेल तर ‘आर्गजेसन’ एरर देतो, म्हणून तिथे आधीच नल (‘मूल्य नाही’) भरायचं. शून्य नव्हे! वाचन न मिळणं आणि पाऊस न पडणं या वेगळ्या गोष्टी आहेत.

जेक्यूचं आउटपुट थेट कर्लला पाइप करू नका. जेक्यू पडला तरी कर्ल रिकामी विनंती पाठवून मोकळा होतो. आधी व्हेरिएबलमध्ये घ्या, एक्झिट कोड (कमांड यशस्वी झाली का ते सांगणारा आकडा) तपासा, मग कर्लच्या ‘डेटा-बायनरी’ पर्यायाला @- देऊन स्टँडर्ड इनपुटवरून पाठवा. कंटेंट-टाइप हेडर (डेटा कोणत्या प्रकारचा ते सांगणारा) विसरलात तर कर्ल साध्या फॉर्मचा हेडर लावतो. कर्लच्या ७.८२.० आवृत्तीपासून ‘जेसन’ पर्याय हे स्वतःच करतो.

पुढचं काम: अवतरण, बॅकस्लॅश, नवी ओळ आणि वरचा विहिरीचा शेरा, हे चारही सर्व्हरवरून परत वाचून मूळ मजकुराशी ताडून पाहणं.