घरात पडून असलेली जुनी चेनसॉ चालू करण्याआधी

वारशाने आलेली चेनसॉ दोरी ओढून पेटते का, हे आधी बघू नका. सायलेन्सर काढा, दोन-तीन बोल्टच असतात. त्या तोंडातून टॉर्च मारून दोरी हळू ओढली की पिस्टनची बाजू दिसते. गुळगुळीत असेल तर पुढे जा. खोल उभे ओरखडे असतील तर मशीन कधीतरी ऑइलशिवाय किंवा फार कमी पेट्रोलवर तापलेलं आहे. मग पिस्टन-सिलिंडरवर पैसे घालण्यापेक्षा ते सुट्या भागांसाठी ठेवलेलं बरं.

पिस्टन ठीक असेल तर दुखणं बहुधा रबराचं. पेट्रोलचा पाईप, टाकीतला फिल्टर आणि कार्ब्युरेटरचे डायफ्राम (आतले पातळ पडदे) एकदमच बदला. पंपावर आता २० टक्के इथेनॉलचं पेट्रोल मिळतं, जुनं रबर त्यात फुगतं नाहीतर तडकतं. डायफ्राम बोटाने दाबून कडक लागला की तो गेलाच. किट कार्ब्युरेटरवरचा नंबर दाखवूनच आणा. गॅस्केट आणि डायफ्रामचा क्रम दोन्ही बाजूंना वेगळा असतो, म्हणून उघडताना फोटो काढा. प्लगची गॅप ०.५ मिमी.

पेट्रोल-ऑइलचं मिश्रण ५०:१ असेल तर लिटरला २० मिली टू-टी ऑइल, जुन्या २५:१ च्या मशीनला ४० मिली. लागेल तेवढंच कालवा. इथेनॉल हवेतलं पाणी ओढतं, त्यामुळे काम संपलं की टाकी रिकामी करून इंजिन बंद पडेपर्यंत चालवा.

सेटिंगला कार्ब्युरेटरचे एच (जास्त वेगाचा) आणि एल (कमी वेगाचा) दोन्ही स्क्रू हलक्या हाताने बसेपर्यंत आवळून एक-एक फेरा सोडा. इथेनॉलमध्ये ऑक्सिजन असतो, म्हणजे त्याच सेटिंगवर हवा-पेट्रोलचं मिश्रण पातळ पडतं आणि इंजिन जास्त तापतं. एच थोडा जास्त उघडा ठेवा. रिकाम्यात फुल रेसला आवाज किंचित अडखळता हवा, लाकडात शिरल्यावर साफ. रिकाम्यात कर्कश, चढा आवाज म्हणजे पिस्टन धोक्यात. मे महिन्यात, पारा चाळिशीपार असताना, हे जानेवारीच्या सेटिंगवर सोडू नका. आयडलला साखळी फिरता कामा नये.

बारच्या (साखळी ज्यावर फिरते ती पट्टी) खाचेतला भुसा पातळ पत्र्याने खरवडा, तेलाचं भोक मोकळं करा, दर धारेला बार उलटा लावा. उन्हाळ्यात पातळ तेल उडून जातं, एसएई ३० किंवा ४० घाला. जळकं तेल नको. पुठ्ठ्यासमोर बार धरून रेस दिली की तेलाची रेघ उमटली पाहिजे.

कानस साखळीच्या पिचप्रमाणे (कडीचं माप, इंचात): ३/८ लो प्रोफाइल म्हणजे बुटक्या साखळीला ४ मिमी, .३२५ ला ४.८ मिमी. कोन ३० अंश, वाळलेल्या बाभळीला २५ चालतो. सगळे दाते सारख्या लांबीचे ठेवा, नाहीतर काप एका बाजूला ओढतो. डेप्थ गेज, म्हणजे दात्यापुढचा उंचवटा, धारेपेक्षा ०.६५ मिमी खाली; त्याहून जास्त घासलं तर साखळी लाकडात अडकते, झटके देते.

सांगोला-मंगळवेढ्याकडे बांधावरच्या वेड्या बाभळीची साल मातीने भरलेली असते. धार जाते ती लाकडाने कमी, मातीने जास्त. कापण्याची जागा आधी कोयत्याने सोला. भुशाचे तुकडे न पडता पीठ पडायला लागलं की जोर लावू नका, कानस काढा. चेन ब्रेक (झटका बसला की साखळी थांबवणारा) नसलेल्या मशीनने उभं झाड पाडू नका, जमिनीवरच्या लाकडापुरतीच वापरा आणि बारचं टोक कशाला लागू देऊ नका. शहरात झाडाला हात लावण्याआधी महापालिकेच्या वृक्ष प्राधिकरणाची परवानगी लागते, फांदी छाटायची असली तरी विचारून घ्या.