ताई, नाव नका लिहू

कोपरखैरणेत माझं मेडिकल आहे. आजूबाजूला सगळी माथाडी कामगारांची वस्ती, बरीचशी घरं सातारा-सांगलीकडची नाहीतर जुन्नर-आंबेगावची, पुरुषमाणसं पहाटेच वाशीच्या मार्केटला जातात. त्यामुळे पाठदुखीचं मलम आणि बीपी-शुगरच्या गोळ्या माझ्याकडे सगळ्यात जास्त खपतात. पण डोक्याच्या डॉक्टरची चिठ्ठी आमच्या सेक्टरमधला माणूस माझ्याकडे आणत नाही. तो ती घेऊन ऐरोलीला जातो आणि ऐरोलीचा माणूस माझ्याकडे येतो, कारण इथे त्याला कुणी ओळखत नाही. गाडीभाडं जातं, कधी उशीर होऊन दुकान बंद झालेलं असतं, मग डोस चुकतो, आणि ह्या गोळ्यांमध्ये डोस चुकला की माणसाचे खरंच हाल होतात.

तर हा जो प्रसंग सांगतेय तो गेल्या पावसाळ्यातला. त्या दादांना विचारूनच लिहितेय, ओळख पटेल असं काही ठेवलेलं नाही.

रात्री दुकान आवरायची वेळ झालेली. रस्त्याच्या पलीकडे एक माणूस बराच वेळ पावसात छत्री धरून उभा होता. गिऱ्हाईक संपलं तसा आला आणि खिशातून चिठ्ठी काढली, इतकी बारीक घडी घातलेली की उघडताना फाटते की काय असं वाटलं. सकाळी घ्यायची एस्सिटालोप्राम, ही घबराट-उदासीवरची, आणि पहिले दहा दिवस रात्री अल्प्राझोलाम, ही झोपेची, पाव मिलीग्रॅमची. मी गोळ्या काढल्या, वही ओढली आणि नाव विचारलं, तर तो एक पाऊल मागेच सरकला.

"ताई, नाव नका लिहू. टोळीत कळलं तर मला कोण कामाला घील? म्हणतील ह्याला ठाण्याला नेऊन सोडा."

टोळी म्हणजे मार्केटला एकत्र हमाली करणारी माणसं, आणि ठाण्याला म्हणजे मनोरुग्णालयात. ते 1901 सालापासून तिथे आहे आणि आपल्याकडे कुणाचीही मस्करी करायची तर पहिलं तेच नाव निघतं. हसत हसत बोललेलं ते वाक्य ज्याला खरंच उपचाराची गरज आहे त्याच्या डोक्यात कसं बसून राहतं, ते मी त्या रात्री त्याच्या तोंडावर बघितलं, आणि तेव्हापासून कुणी माझ्यासमोर तसं बोललं तर मी तिथल्या तिथे थांबवते.

मी त्याला वही कशाची ते सांगितलं. अल्प्राझोलाम शेड्यूल एच-वन मध्ये, म्हणजे जास्त कडक नियम असलेल्या औषधांच्या सरकारी यादीत येते, 2014 पासून त्या यादीतल्या प्रत्येक औषधाची नोंद आम्हाला ठेवावीच लागते, पेशंटचं नाव, डॉक्टरचं नाव, किती गोळ्या दिल्या, आणि ती वही तीन वर्षं सांभाळायची. बघणार कोण तर तपासणीला आलेला औषध निरीक्षक. टोळीतला माणूस नाही, शेजारीण नाही. आणि ह्याच वहीत टीबीच्या गोळ्या आहेत, टायफॉइडला देतात ती सेफिक्सिम आहे, म्हणजे ताप आलेल्या लेकराचं नाव पण इथेच आणि तुमचं पण इथेच. तो वहीकडे बघत राहिला. मग हळूहळू बोलायला लागला. मार्चपासून झोप नाही, पहाटे तीनला उठून बसायचा, छातीत धडधड, घाम, हार्टचं काहीतरी झालंय म्हणून दोनदा ईसीजी काढला, दोन्ही नॉर्मल. बायकोने गावाहून अंगारा आणला तो पण लावला. शेवटी फॅमिली डॉक्टरनेच सांगितलं की मनोविकारतज्ज्ञाला दाखव, ती चिठ्ठी घेऊन पण तो महिनाभर फिरत होता.

एवढ्यात मागून आवाज आला, "काय रे, तू हितं?"

त्याच्याच टोळीचे मुकादम. बीपीची गोळी संपलेली म्हणून आलेले, माझं नेहमीचं गिऱ्हाईक. मी पटकन पट्ट्या पाकिटात टाकल्या आणि म्हटलं, "या काका, तुमची गोळी काढूनच ठेवलीये." मला विषय बदलायचा होता, कुणाचा आजार काय ते दुसऱ्याला कळू द्यायचं नाही हे आमचं काम आहे. पण काकांनी परत विचारलंच, "कसली गोळी रे?"

तो काही बोलेना. पावसाचा पत्र्यावर एवढा आवाज आणि आम्ही तिघं गप्प. मग त्याने मान वर केली आणि सरळ सांगितलं, "डोक्याच्या डॉक्टरची. झोप न्हाय मला. लई दिवस झालं."

काका काय बोलतील ह्याची मलाच धास्ती वाटली. त्यांनी चष्मा काढला, पुसला, आणि त्याला काही न बोलता मलाच विचारलं, "ताई, ह्या गोळीवर पोतं उचललं तर चालतं का?"

इतक्या वर्षांत हा प्रश्न मला कुणी विचारला नव्हता, आणि तोच सगळ्यात कामाचा प्रश्न होता. पन्नास किलोचं पोतं पाठीवर, फळीवरून चढायचं, आणि अंगात झोपेची गोळी. मी म्हटलं रात्रीच्या गोळीने सकाळी गुंगी राहू शकते, पण उत्तर डॉक्टरच देतील. चिठ्ठीवरच्या नंबरवर फोन लावला, नशिबाने उचलला. पहिले दहा-बारा दिवस ओझं नको, उंचावर चढणं नको, दारू अजिबात नको. काका म्हणाले, "बरं. उद्यापास्नं तू काट्यावर थांब, वजनं घे. मी बघतो बाकी." आणि आपली बीपीची गोळी घेऊन गेले पण.

मग त्याने स्वतःच वही पुढे ओढली आणि मला नाव सांगितलं, आडनावासकट.

त्याला सांगितलं ते इथे पण सांगते कारण रोज कुणीतरी विचारतं. एस्सिटालोप्रामचा गुण यायला दोन ते चार आठवडे जातात, सुरुवातीला मळमळ होते, काही जणांना अस्वस्थपणा वाढल्यासारखा वाटतो, घाबरून सोडायची नाही, डॉक्टरला फोन करायचा. झोपेच्या गोळीची सवय लागू शकते म्हणून ती ठरवून दिलेल्या दिवसांपुरतीच, चिठ्ठी नसेल तर मी देत नाही, कितीही ओळखीचा असला तरी. आणि रात्री-अपरात्री जीव घाबरला, नको ते विचार आले तर 14416, टेली-मानस, सरकारी आहे, फुकट आहे, मराठीत बोलतात. तो नंबर मी आता प्रत्येक पाकिटावर लिहिते, खोकल्याच्या औषधाच्या सुद्धा. पाकीट पण सगळ्यांना एकच, खाकी. कुणी काळी पिशवी मागितली तर देते, नाही म्हणत नाही, पण हल्ली मागणारे कमी झालेत.

दिवाळीच्या आधी तो दुपारी आला, भर गर्दीत. अंग भरलेलं, दाढी केलेली. पुढच्या महिन्याच्या गोळ्या मागितल्या आणि म्हणाला, "ताई, आता एकदम बरं वाटतंय. बंद केली तर?"

म्हटलं दादा, बरं वाटतंय ते गोळी चालू आहे म्हणून. आपल्या मनाने एकदम तोडायची नाही, बरं वाटल्यावर पण डॉक्टर सहसा सहा महिने तरी चालू ठेवतात, मग हळूहळू कमी करतात. कधी दाखवायचंय परत?

"सोमवारी. मुकादमानं सुट्टी दिलीय."

मग सोमवारी विचारा, म्हटलं, आणि तोपर्यंत रोज सकाळी नाश्ता करून घ्या.