जाण्याचे ठिकाण

१९८७ साली माझे वडील कळवणहून नाशिकला आले ते कॉलेज बघायला नाही, वसतिगृह बघायला. प्राचार्यांना उभ्याउभ्या नमस्कार केला आणि रेक्टरबाईंसमोर मात्र ठाण मांडून बसले. फाटक किती वाजता बंद होतं, भेटायला कोणाला सोडता, रात्री वॉचमन जागा असतो का? सगळी उत्तरं मनासारखी मिळाली, तेव्हा कुठे त्यांनी बंडीच्या खिशात हात घातला.

संध्याकाळी सातच्या त्या फाटकाला आम्ही पुढे भरपूर शिव्या घातल्या. आज वाटतं, ते कुलूप मुलींपेक्षा बापांसाठी होतं. नाशकात हं. प्रा. ठा. महाविद्यालय १९२४ सालीच सुरू झालं होतं. पण शहरात कॉलेज आहे म्हणून सटाण्याची, सुरगाण्याची, येवल्याची मुलगी तिथे शिकेलच असं नव्हतं. तिची रात्रीची सोय काय, यावर घरात सगळं अडायचं. आमच्यातल्या कितीतरी जणींची लग्नं त्या कुलपामुळे तीन वर्षं लांबली, हा त्याचा मोठाच उपकार.

वसतिगृहाच्या या स्मरणिकेत मेसच्या आमटीबद्दल बाकीच्या मैत्रिणी लिहितीलच.

मला आठवतं ते बाहेर जातानाचं रजिस्टर. नाव, खोली, वेळ आणि ‘जाण्याचे ठिकाण’. त्या रकान्यात ‘सावाना’, म्हणजे सार्वजनिक वाचनालय नाशिक, लिहिलं की बाई मान वर करत नसत. १८४० सालच्या वाचनालयावर संशय कोण घेणार? आम्ही तिथे जायचोही. येताना मेन रोड लागायचा, त्याला इलाज नव्हता. तात्यासाहेब शिरवाडकरांना ज्ञानपीठ मिळालं तेव्हा काही दिवस त्याच रकान्यात ओळीने ‘टिळकवाडी’ दिसत होतं. त्यांचं दार कोणालाही उघडं असे, त्यामुळे बाईंनाही नाही म्हणता येईना.

पावसाळ्यात गोदेला पूर आला की गावभर एकच चौकशी: दुतोंड्या मारुतीच्या कितीपर्यंत पाणी आलं? एकदा कमरेच्या वर गेल्याचं कळलं आणि आम्ही परवानगी मागायला गेलो. बाईंनी आधी साफ नकार दिला. मग छत्री घेतली, म्हणाल्या, “चला, मीच येते. पुलाच्या कठड्याला कोणी हात लावायचा नाही.” अहिल्याबाई होळकर पुलावर सर्वांत पुढे घुसून कठड्याला रेलल्या त्या बाईच.

माझ्या पदवीवर नुसतं ‘पुणे विद्यापीठ’ आहे. भाचीच्या पदवीवर सावित्रीबाईंचं नाव आलं, २०१४ च्या नामविस्तारानंतर. तिने वसतिगृहातली खोली स्वतः शोधली, वडिलांना नंतर फोन केला.

स्मरणिका समितीला एक विनंती. ती जुनी रजिस्टरं ऑफिसच्या कुठल्या कपाटात उरली असतील तर रद्दीत घालू नका. कोणत्या तालुक्यातून किती मुली आल्या आणि त्या शहरात कुठे कुठे गेल्या, हे दुसरीकडे लिहिलेलं सापडणार नाही. वाळवी लागायच्या आत स्कॅन करून घ्या; खर्चाचा वाटा आमची बॅच उचलेल.