गोळ्या सुटल्या आणि पाढे परत आले

मणक्याच्या ऑपरेशननंतर थोड्या दिवसांसाठी लिहून दिलेली ट्रामाडॉलची, म्हणजे दुखणं दाबणारी पण सवय लावू शकणारी गोळी माझ्या घरात दोन पावसाळे टिकली. 2018 पासून हे औषध एनडीपीएस, म्हणजे अमली पदार्थांच्या कायद्याखाली आहे, तरी जुन्या चिठ्ठीवर मेडिकलमध्ये पाकीट मिळत राहिलं. एकीच्या दोन झाल्या, दोनाच्या चार.

मी शाळेत गणित शिकवते. फळ्यावर भागाकार मांडायचा आणि मध्येच हातचा किती घेतला ते आठवायचं नाही. "बाई, हे कालच झालं," मुलं सांगायची. घरी सगळे म्हणाले, वय झालं, पाळी जायचे दिवस आहेत. बी-12, थायरॉइड, एमआरआय, सगळं नॉर्मल.

सरकारी रुग्णालयातल्या मानसोपचाराच्या मॅडमनी आधी पिशवीतल्या सगळ्या गोळ्या टेबलावर ठेवायला लावल्या. मग स्मरणाची चाचणी घेतली. घड्याळ काढून अकरा वाजून दहा मिनिटं दाखवा. जमलं. शंभरातून सात वजा करत जा. त्र्याण्णव, शहाऐंशी... आणि पुढे काही सुचेना. सुरुवातीला सांगितलेल्या पाच शब्दांतला एकच आठवला. पंचवीस वर्षं पाढे घेणाऱ्या बाईला तिथे रडू आवरलं नाही.

मॅडमनी नीट समजावलं. या गोळ्या ज्या जागी जाऊन दुखणं दाबतात, तशाच जागा मेंदूच्या हिप्पोकॅम्पसमध्येही असतात, आणि नवी आठवण तयार व्हायला तोच भाग लागतो. डोक्यात आकडा धरून ठेवणं, लक्ष टिकवणं, निर्णय घेणं, या सगळ्यावरच परिणाम होतो. "हा स्मृतिभ्रंश वाटत नाही. बरंचसं परत येईल, पण सावकाश," त्या म्हणाल्या. आणि एकदम बंद करायचं नाही, असं बजावलं.

डोस टप्प्याटप्प्याने उतरवला. प्रत्येक टप्प्याला जांभया, वाहणारं नाक, अंगावर काटा, जुलाब, रात्रभर पाय ओढणं. हे रात्री दोन वाजता उठून पाय चेपत बसायचे. गोळ्या कमी झाल्या की कंबर धरेल याची मला सगळ्यात भीती होती. उलट दुखणं हळूहळू कमीच झालं. जास्त काळ घेतल्यावर याच गोळ्यांनी काहींना दुखणं जास्त जाणवू लागतं, हे मला तेव्हा कळलं. हे लिहून देतानाच सांगायला नको का?

आधी झोप सुधारली, मग लक्ष. आठवणीला सगळ्यात जास्त वेळ लागला, काही महिने. त्या काळात मी वहीत तोंडी हिशेब लिहून पाहायची, कधी बरोबर, कधी साफ चूक. पुन्हा चाचणी झाली तेव्हा सातची वजाबाकी पासष्टपर्यंत न अडखळता गेली, पाचांतले चार शब्द आठवले. नव्या वर्गातल्या मुलांची नावं अजून पटकन येत नाहीत, म्हणून हजेरी मोठ्याने घेते.

आमच्या स्टाफरूममध्ये आता 14446 हा व्यसनमुक्तीचा मोफत नंबर लावलेला आहे. परवा एका सहकाऱ्याने तो फोनमध्ये उतरवून घेतला, गुडघेदुखीवर गोळ्या घेणाऱ्या आईसाठी.