तुम्ही विचारलंत म्हणून: माझी मंगळवारची कुस्ती

"अहो, पण ते सगळं आधीच ठरलेलं असतं ना?" हा प्रश्न मला विहीणबाईंनी विचारलाय, भिशीतल्या बायकांनी विचारलाय, आणि दाताच्या डॉक्टरांनी तर माझं तोंड उघडं असताना विचारलाय. शेजारची गुजराती मुलगी "आ तो बधुं नाटक छे, मासी" म्हणते आणि वर अशा काळजीनं बघते, की जणू मी एखाद्या बुवाच्या नादी लागलेय. साठी उलटलेली, बडोद्याच्या दांडिया बाजारात राहणारी, संकष्टी करणारी बाई दर मंगळवारी डब्ल्यूडब्ल्यूई या अमेरिकन कुस्ती कंपनीचं 'रॉ' बघते हे लोकांच्या पचनी पडत नाही. तेव्हा एकदाच काय ते सविस्तर सांगून टाकते.

हो, ठरलेलं असतं. कोण जिंकणार, साधारण किती मिनिटांत, शेवटचा डाव कुठला, सगळं. पण तुम्ही आवाज खाली आणून सांगता तसं त्यात गुपित काही नाही. कंपनीनं स्वतःच १९८९ साली न्यू जर्सीच्या सिनेटपुढे सांगून टाकलं की आमचा हा प्रकार म्हणजे करमणूक आहे, खरीखुरी स्पर्धा नव्हे. खरी स्पर्धा म्हटली की सरकारी क्रीडा आयोगाची देखरेख आली, त्याचे कर आले. ते टाळायचे होते. 'रॉ' सुरू झालं ११ जानेवारी १९९३ला. म्हणजे माझा कार्यक्रम जन्माला येण्याआधीच भांडं फुटलेलं होतं.

आणि हा प्रश्न मला विचारतात कुठे, तर बडोद्यात! कमाटीबागेतल्या म्युझियममध्ये एक दगड आहे. २३ डिसेंबर १९०२ला गामा पहिलवानानं हा दगड उचलला, असं त्यावर कोरलंय. वजन बाराशे किलो. पाहुणे आले की आपण त्यांना तिकडे नेतो, फोटो काढतो, आणि बाराशे किलो एकट्या माणसाला उचलेल का, हे कोणीही विचारत नाही. गामाबद्दल मला आदरच आहे. १९१० साली त्यानं लंडनला जाऊन झ्बिश्को या पोलिश पैलवानाला तासन् तास मातीला धरून ठेवलं, आणि १९२८ला पतियाळ्यात त्याच झ्बिश्कोला मिनिटाच्या आत चीत केलं. त्या माणसाला दगडाची गरजच नव्हती. पण तो दगड ज्यांना चालतो त्यांनी मला मंगळवारवरून टोकू नये, एवढंच.

मला ही चटक लागली ती मुलामुळे आणि टिकली ती मामंजींमुळे. मुलाकडे ते पैलवानांचे खेळायचे पत्ते होते. उंची, वजन, छाती, दंड यांचे आकडे पुकारायचे आणि समोरच्याचा पत्ता जिंकायचा. ते पसारे आवरता आवरता नावं माझ्या तोंडात बसली. मामंजींचं वेगळं. ते तरुणपणी जुम्मादादांच्या आखाड्यात, म्हणजे प्रोफेसर माणिकरावांच्या व्यायाममंदिरात जाणारे. टेन स्पोर्ट्सवर हे सुरू झालं की वर्तमानपत्र तोंडासमोर धरायचे आणि पत्रापलीकडून म्हणायचे, "नुरा कुस्ती आहे." म्हणजे आधी ठरवून खेळलेली. थोड्या वेळानं पत्र खाली यायचं. "हा ढाक लावला बघ. बरा लावला." मग पत्र घडी होऊन टीपॉयवर.

जॉन सीनाचा शेवटचा डाव त्यांनी पहिल्यांदा बघितला तेव्हा ते खुर्चीत पुढे सरकून बसले. "अगं, ही तर कलाजंग!" आणि खरंच तशीच आहे. समोरच्याचा हात आपल्या मानेवरून ओढून घ्यायचा, दुसरा हात मांड्यांमध्ये घालायचा आणि त्याला दोन्ही खांद्यांवर आडवा घ्यायचा. आखाड्यात पुढचं काम तिथल्या तिथे उरकतात, भरली की फेकली, नाहीतर तो सुटतो. सीना मात्र त्या भल्यामोठ्या माणसाला खांद्यावर घेऊन सरळ उभा राहतो, क्षणभर थांबतो आणि मग टाकतो. मामंजी वैतागायचे, "भरलीस ना, मग उभा कशाला राहतोस?" आणि स्वतःच उत्तर द्यायचे, "लोकांना दाखवायला." खली आला तेव्हा अख्खी चाळ 'आपला माणूस' म्हणून टीव्हीपुढे जमायची. २००७च्या जुलैत तो चॅम्पियन झाला त्या आठवड्यात तर पेढे वाटायचेच बाकी होते. मामंजींचा निकाल मात्र एका वाक्याचा: "हा डाव नव्हे, ही चापट."

पडण्याबद्दल त्यांनी कधी एक शब्द वाकडा काढला नाही. रिंगणात खाली लाकडी फळ्या असतात, त्यावर फोमचा पातळ थर आणि वर कॅनव्हास. गादी नसते. हनुवटी छातीला चिकटवायची, पाठ सपाट पडू द्यायची, दोन्ही हात बाजूंना आपटायचे, म्हणजे मार एका जागी न बसता पसरतो. हे शिकायलाच महिनोन् महिने जातात, आणि शिकलं तरी लागतंच. निकाल ठरलेला असतो म्हणून जमीन मऊ होत नाही.

आता कोणी म्हणेल, मग नाटकासारखंच की. मीही कितीतरी वर्षं हेच उत्तर देऊन सुटका करून घ्यायचे. बडोद्याच्या मराठी माणसाला नाटक म्हटलं की पटतं. पण ते उत्तर अपुरं आहे. नाटकाच्या तिसऱ्या अंकात प्रेक्षक कितीही ओरडले तरी नायकाचं मरण काही टळत नाही. इथे टळतं. मी बघते ते त्यासाठी. कोणीतरी कागदावर लिहून ठेवलंय की या माणसावर लोकांनी प्रेम करायचं, आणि दहा-पंधरा हजार लोक मिळून म्हणतात, नाही करत जा. पुढच्या आठवड्यात कागद बदललेला असतो. म्हणून मी रिंगणाकडे कमी आणि पहिल्या रांगेकडे जास्त बघते. फलक घेऊन आलेली पोरं, हाताची घडी घालून बसलेले पन्नाशीचे बाप्ये. तो बाप्या हाताची घडी कधी सोडतो, तिकडे माझं लक्ष.

२०२४ची गोष्ट घ्या. कोडी ऱ्होड्स म्हणून एक. त्याचे वडील डस्टी ऱ्होड्स लोकांचे फार लाडके, पण या कंपनीचा मुख्य विजेतेपदाचा पट्टा त्यांच्या कमरेला कधी लागला नाही. मुलगा तो मिळवायला निघालेला. २०२३च्या रेसलमेनियात, म्हणजे कंपनीच्या वर्षातल्या सर्वांत मोठ्या सोहळ्यात, चॅम्पियन रोमन रेन्सकडून हरला, पुन्हा वर्षभर घासला, जानेवारीत रॉयल रंबल जिंकून हक्काची संधी मिळवली. आणि २ फेब्रुवारीच्या 'स्मॅकडाऊन'मध्ये (कंपनीचा दुसरा कार्यक्रम, आपल्याकडे शनिवार सकाळ) तो रोमनसमोर उभा राहून म्हणाला, मी येणार आहे, पण रेसलमेनियात नाही. मागून संगीत वाजलं आणि आला द रॉक! हॉलीवूडचा बडा नट, रोमनचा नात्यातला. कोडीनं त्याला जागा करून दिली आणि निघून गेला. ते दोघे एकमेकांकडे बघत उभे, आणि कोडी मागच्या मागे.

मी हातातली मेथी ताटात टाकली. एवढा राग मला रेशनच्या रांगेत कोणी मध्ये घुसलं तरच येतो. आणि मी एकटी नव्हते. जिथे म्हणून कार्यक्रम होईल तिथे लोक "आम्हाला कोडी हवा" म्हणून गर्जायला लागले. ८ फेब्रुवारीला लास व्हेगासच्या पत्रकार परिषदेत कोडी उभा राहिला: रेसलमेनियात रोमनशी मीच लढणार. रॉकनं त्याच्या थोबाडीत मारली, आणि तिथून पुढे रॉक खलनायक! लोकांना तो नको होता ना, मग त्या नकोपणाचंच त्यांनी कथानक करून टाकलं. ७ एप्रिलला फिलाडेल्फियात कोडीनं रोमनची १,३१६ दिवसांची सत्ता संपवली. हे शेवटी लिहिलं कोणी? कंपनीनं? मी तर म्हणते, ओरडणाऱ्यांनी.

विहीणबाईंना मी बेकी लिंच या बाई पैलवानाचं सांगते, कारण त्यांना पैलवानांमध्ये रस नाही, पण बायकांवरच्या अन्यायात आहे. आणि तो इथे भरपूर होता. फेब्रुवारी २०१५मध्ये 'रॉ'च्या तीन तासांत चार बायकांच्या वाट्याला जी लढत आली ती अर्ध्या मिनिटात संपली. अर्धं मिनिट! फोडणी होत नाही तेवढ्यात. त्यावर लोक इतके खवळले की मालकांना जाहीर दखल घ्यावी लागली, आणि बायकांच्या लढती लांबल्या, बऱ्या झाल्या. मग १२ नोव्हेंबर २०१८चा 'रॉ'. बेकी 'स्मॅकडाऊन'च्या बायका घेऊन घुसली, रिंगणात गोंधळ माजला, आणि त्या गोंधळात एक ठोसा चुकून खरा बसला. नाक मोडलं, डोक्याला मार लागला. ठरलेल्या कार्यक्रमात न ठरलेलं रक्त. ती थांबली नाही. खुर्ची घेऊन 'रॉ'ची चॅम्पियन रोंडा राउझी हिला बडवून काढलं, मग प्रेक्षकांच्या गर्दीत जाऊन उभी राहिली, दोन्ही हात पसरून. नाकाखाली सगळा चेहरा लाल, आणि ती हसतेय.

त्या दुखापतीमुळे राउझीबरोबरची तिची ठरलेली मोठी लढत रद्द झाली. पण त्या हसण्यानं तिचं नाव झालं ते झालंच. ७ एप्रिल २०१९ला रेसलमेनियाची सर्वांत शेवटची, मानाची लढत पहिल्यांदाच बायकांची झाली: बेकी, राउझी आणि शार्लट फ्लेअर. जिंकली बेकी. विहीणबाई हे ऐकून म्हणाल्या, "हे मात्र बघायला हवं होतं." त्यांना फोनवर दाखवलं. रक्त बघून त्यांनी डोळे मिटले, पण एकच डोळा.

सगळं असंच असतं असं अजिबात नाही. २०१२ ते २०२४ 'रॉ' तीन तासांचा होता, आणि त्यातला एक तास माझ्या मते निव्वळ बडबडीचा. माईक घेऊन उभे राहतात आणि मागच्या आठवड्यात काय झालं ते सांगतात. अहो, बघितलंय आम्ही. त्या वेळात माझी भाजी निवडून होते, वाती वळून होतात. एप्रिल २०२५पासून आपल्याकडे हे नेटफ्लिक्सवर आलं. उन्हाळ्यात पहाटे साडेपाचला थेट दिसतं, पण साडेपाचला उठून मी दूध तापवते, कुस्ती बघत नाही. दुपारी जेवणं आटोपली की बघते. तोवर नागपूरचा भाचा निकाल सांगून टाकू नये म्हणून मंगळवारी त्याचे मेसेज उघडत नाही.

त्या भाच्याशी माझं सध्या वाजलेलं आहे. १३ डिसेंबर २०२५ला वॉशिंग्टनमध्ये जॉन सीनाची अखेरची लढत झाली, गुंथर नावाच्या पैलवानाशी. ज्याच्या टॉवेलवर 'हार मानू नका' छापलेलं असायचं, त्यानं गळ्याची पकड सुटेना तेव्हा हसून हात आपटला आणि हार मानली. सभागृह पेटलं. लोकांनी कंपनीच्या बड्या अधिकाऱ्याची हुर्यो उडवली. भाचा म्हणतो, मावशी, एवढी वर्षं तू लोकांचं ऐका, लोकांचं ऐका म्हणून सांगत आलीस, आता तुझे लोक ओरडताहेत, तर तू कोणाच्या बाजूनं?

मी गुंथरच्या बाजूनं. जाणाऱ्यानं राहणाऱ्याला मोठं करून जायचं ही त्या धंद्यातली जुनी रीत आहे, आणि सीनानं ती पाळली. लोकांना ओरडायचा हक्क आहेच, पण ओरडणाऱ्यांचं दर वेळी बरोबर असतं असं मी कधी म्हटलं? भाच्याला हे मान्य नाही. त्याचं म्हणणं, सोयीचं असेल तेव्हाच मला लोक आठवतात. फोनवर पाऊण तास झाला, शेवटी त्याची आई मागून ओरडली, "अरे, ते सगळं ठरलेलं असतं ना!" आम्ही दोघंही एकदमच म्हणालो, "माहितीये!" आणि पुन्हा भांडायला लागलो.