ट्रेमधला गाळ

त्या दिवशी अर्काच्या गटातल्या सहाही उंदरांची जठरं आधी उघडली आणि सहाही स्वच्छ निघाली. ज्येष्ठमधाच्या मुळांचा अर्क पोटातला अल्सर रोखतो का, हे पाहायचं होतं; एम.फार्म.चा प्रकल्प, पहिलाच प्रयोग. विद्यार्थिनी हातमोजे काढून घरी फोन करून आली.

"मॅडम, आईला सांगितलं, उद्यापासून चूर्ण सुरू कर. तिला पित्ताचा फार त्रास आहे."

"आईला बीपी आहे का?"

"गोळी चालू आहे."

"मग आत्ताच परत फोन कर."

ज्येष्ठमधातलं ग्लिसिरायझिन अंगात मीठ-पाणी धरून ठेवतं, पोटॅशियम उतरवतं. 1940 च्या दशकात हॉलंडमध्ये रेव्हर्स नावाच्या डॉक्टरांनी अल्सरच्या रुग्णांना ज्येष्ठमधाचा अर्क दिला. व्रण भरले, पण काहींच्या अंगावर सूज चढली. शिवाय माणसाचा अल्सर बहुतेकदा हेलिकोबॅक्टर पायलोरी या जिवाणूमुळे, नाहीतर वेदनाशामक गोळ्यांमुळे होतो. आम्ही उंदराला निव्वळ अल्कोहोल पाजून तासाभरात जखमा करतो. तिच्या आईचं पोट वेगळं.

मग कंट्रोल गट घेतला. अर्क नाही, औषध नाही, नुसतं अल्कोहोल. जठर मोठ्या बाकावरून कापलं, सलाईनने धुतलं, थर्मोकोलवर टाचलं. इथे लालभडक पट्टे उमटायलाच हवेत; ते मोजूनच अल्सर इंडेक्स, म्हणजे जखमा किती याचा आकडा, निघतो. भिंगाखाली एक बारीक ठिपका. दुसरं जठर, तेच. तिसरं घेण्याआधी मी ट्रेमधला गाळ चिमट्याने उपसून पाहिला.

भाताचं तूस. आणि लेंड्या.

उंदीर 24 तास उपाशी हवे होते. भुकेला उंदीर स्वतःच्या लेंड्या खातो, तूसही कुरतडतो. म्हणून त्याला जाळीच्या तळाच्या पिंजऱ्यात ठेवायचं असतं. जाळ्या धुवायला काढल्या होत्या, प्राणीगृह सांभाळणाऱ्या मामांनी रात्रीपुरते तूस अंथरलेले साधे पिंजरे लावले. पोटात काही असलं की अल्कोहोल अस्तराला नीट भिडत नाही. मग सकाळची ती सहा जठरं अर्काने राखली की तुसाने?

मामांवर चिडायला मला तोंड नव्हतं. संध्याकाळी पिंजरे बघणं माझं काम, आणि मी सहाची एसटी पकडली होती. इतके प्राणी वाया का गेले, याचं उत्तर नीतिशास्त्र समितीपुढे मीच दिलं. मान खाली घालून.

परवानगी मिळाल्यावर प्रयोग पुन्हा केला. कंट्रोलमध्ये पट्टेच पट्टे. अर्काच्या गटात कमी, पण होतेच. तुलनेसाठी दिलेल्या ओमेप्रॅझोल या पित्ताच्या नेहमीच्या औषधाच्या बराच मागे. त्याच्या आदल्या संध्याकाळी मामांनी एकेक पिंजरा उचलून तळाची जाळी बोटांनी वाजवून दाखवली होती. माझी एसटी तेवढ्यात सुटली.